झोपलेली मादी

वडील गेल्यावर गोदीतली शेड दोघी बहिणींकडे आली. थोरली नौका बांधायची, धाकटी गिऱ्हाइकं सांभाळायची. मग धाकटीचं लग्न झालं आणि ती समुद्रापासून दूरच्या शहरात राहायला गेली. "ताई, रोज फोन करीन," म्हणाली. सुरुवातीला केलेही. पुढे तिला मूल झालं, नोकरी लागली आणि फोन विरळ होत गेले.

थोरलीने स्वतःला कामाला जुंपलं. वारा पडला की शिडाच्या नौकेलाही इंजिन लावावं लागतं, आणि त्या घरघरीने समुद्रातले प्राणी बिथरतात, हे तिला कायम खुपायचं. तिने विजेची मोटर घेतली, तिच्याखाली रबराचे थर घातले, पंख्याची पाती घासून घासून अशी केली की पाण्यात बुडबुडासुद्धा उठेना, की आवाज येईना. एका मोठ्या कंपनीचा मालक ती रचना विकत घ्यायला तयार झाला. त्या दिवशी शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. "जमलं बरं का!" ती भिंतीलाच म्हणाली आणि ओशाळली.

चाचणीला ती एकटीच निघाली. दुपारी वारा पडला. तिने शीड उतरवलं, मोटर लावली. नौका लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. ती कौतुकाने मागे पाण्याकडे बघत होती, तेवढ्यात दणका बसला आणि ती तोंडावर आपटली.

पुढे करडी पाठ होती. देवमाशाची मादी, शेजारी पिल्लू. पाठीवरची कातडी सोलवटली होती, पाण्यात रक्ताची रेघ पसरत होती. मादी एकदा जोरात फुसकारली, तिने पिल्लाला पोटाशी घेतलं आणि ती खाली गेली. सुकाणू वाकलं होतं.

थोरलीने सॅटेलाइट फोनवरून बहिणीला गाठलं.

"ताई? या वेळी?"

"मी तिला धडकले गं. झोपली होती ती. माझा आवाजच आला नाही तिला."

"कुणाला? नीट सांग."

तिने सांगितलं.

"तुला लागलंय?"

"ओठ फुटलाय."

"बरं. मी दुसऱ्या फोनवरून ओढायची बोट मागवते. हा ठेवत नाही. रडायचं तर रड."

ती रडली. पलीकडे धाकटीचं मूल काहीतरी मागत होतं, धाकटी त्याला गप्प करत होती.

नंतर थोरलीने नौकेच्या तळाला एक ठोका देणारं यंत्र बसवलं. मालक वैतागला. "बाई, आवाज घालवायलाच तर तुमच्याकडे आलो होतो!"

"झोपलेल्याला जाग येईल, एवढाच ठेवलाय."

"मग राहू दे," म्हणून तो गेला.

थोरलीने धडकेची खबर ज्यांना दिली होती, त्या समुद्रजीवांच्या अभ्यासक बाईंनी कळवलं, की पाठ खरचटलेली एक मादी पिल्लासह दिसली, पोहत होती. ठोक्याचा उपयोग होईल का, हे मात्र त्यांनाही सांगता येईना.

दुसऱ्या चाचणीला धाकटी येणार होती. मुलाला ताप आला. "पुढच्या वेळी नक्की," ती म्हणाली. "हो गं," थोरली म्हणाली.

ती पुन्हा एकटीच निघाली. संध्याकाळी, बरंच पुढे, पाण्यावर एक काळी पाठ हलली, वळली आणि बाजूला सरकली. ठोक्यामुळे की आपणहून, कोण सांगणार? थोरलीने मोटर बंद केली. पाठ दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली. मग वारा सुटला, आणि तिने शीड चढवलं.