काचीगुड्यात लागलेली रुखरुख

मी रुखरुख बोलतेय. दचकू नका, मी एक साधासुधा मराठी शब्द आहे. काही करायचं, काही बोलायचं राहून गेलं की मनाला जे बारीक टोचत राहतं, त्याचं नाव मी.

माझा जन्म कुणाच्या तोंडी झाला, मला ठाऊक नाही. भाषणात मिरवणारे शब्द वेगळे. मी आपली घरादारात वावरले. मराठवाड्यातली माणसं हैदराबादला आली, त्यांच्याबरोबर मीही आले, आणि इथे मला काळं कुत्रं विचारेना. माणसांचं नवलच आहे. टोचणी वर्षानुवर्षं जपतात, तिचं नाव मात्र खुशाल विसरतात.

मग एका रविवारी काचीगुड्यातल्या स्वप्नाचं बोट माझ्यावर येऊन थांबलं. चोवीस वर्षांची पोरगी, हिमायतनगरला विम्याच्या ऑफिसात नोकरीला. मराठी वाचायची ती ओळीखाली बोट धरून. आजोबांच्या, म्हणजे तातेरावांच्या जुन्या मासिकात मी तिला भेटले. तिनं मला पेनानं तळहातावर लिहिलं आणि दिवसातून पाचदा वापरायचं ठरवलं.

आणि काय वापरलं हो मला! बस चुकली, रुखरुख. चहा गार झाला, रुखरुख. जेवताना तर म्हणाली, "मम्मी, भाजीत मीठच नाही, मला रुखरुख लागली!"

तिची आई गीता हसून हसून बेजार झाली. "अगं, मिठाची नाही लागत ती. राहून गेलेल्या गोष्टीची लागते."

स्वप्नानं तळहातावरच्या माझ्याकडे पाहिलं. राहून गेलेली एक गोष्ट तिच्याकडेही होती. लहानपणी नांदेडच्या एका लग्नात तिच्या मराठीला सगळे हसले होते आणि ती रडत घरी आली होती. पोरीला पुन्हा लाज वाटू नये म्हणून तेव्हापासून आजोबा तिच्याशी हिंदीतच बोलत. घरात सगळ्यांशी मराठी, फक्त हिच्याशी हिंदी. आपल्याच घरात तिला पाहुण्यासारखं वाटायचं. वाचनाचा हा सगळा खटाटोप त्यासाठीच तर होता.

संध्याकाळी ती तातेरावांच्या खुर्चीशी जाऊन बसली.

"क्या होना बेटा?" काय हवंय, ते त्यांनी नेहमीच्या हैदराबादी हिंदीत विचारलं.

"आबा, तुम्ही माझ्याशी मराठीत बोलत नाहीत. मला त्याची लई रुखरुख लागते. मी चुकली तर हसा, पण बोला."

तातेरावांनी चष्मा काढून उगाच पुसला. "मला बी लागायची गं," ते म्हणाले. "मला वाटलं, तुलाच नको."

मग काय, दोघं जेवणवेळेपर्यंत बोलत बसले. स्वप्ना चुकली, आबा हसले, आबांपेक्षा तीच जास्त हसली. माझा ऊर भरून आला.

आता त्या घरात मला काही काम नाही. स्वप्नानं पुढचा शब्द धरलाय. मी बेकार झालेय आणि खरं सांगते, इतकी सुखात मी कधीच नव्हते. तुमच्याही मनात मी कुणामुळे तरी कधीची बसलेली असेन. उठा, त्या माणसाकडे जा, माझं नाव घ्या आणि मला एकदाची मोकळी करा.