चौथ्या मजल्यावरून आणलेला खेळाडू

व्यावसायिक रग्बी संघासाठी खेळाडू हेरायचे आणि त्यांना घडवायचं, हे माझं काम होतं. चार वर्षांत मी एकवीस खेळाडू आणले. त्यांतला एक दोन मीटरहून उंच होता. रग्बीत चेंडू बाहेरून आत फेकतात तेव्हा उंच गड्याला दोघे जण मांड्यांना धरून वर उचलतात आणि तो चेंडू झेलतो. या गड्याला पहिल्यांदा उचललं तेव्हा कळलं की त्याला उंचीची भीती वाटते. वर जाताच त्याने डोळे मिटले आणि खालच्याचे केस घट्ट धरले. दुसरा एक जण चेंडूला अशी सुरेख लाथ मारायचा की बघत राहावं, पण कुणी बघत असलं की त्याला ती जमत नसे. तिसऱ्याला मी व्हिडिओवर पसंत केलं होतं. तो व्हिडिओ सहा वर्षांपूर्वीचा निघाला. माणूस दारात आला तेव्हा मला वाटलं, खेळाडूला सोडायला त्याचे काका आलेत.

तरी माझा तोरा कमी नव्हता. गळ्यात स्टॉपवॉच, काखेत वही, आणि चेहऱ्यावर सगळं कळत असल्याचा भाव. संघाचा प्रशिक्षक म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. ही नोकरी मला त्याच्यामुळे मिळाली असं लोक माझ्या पाठीमागे म्हणत. खरंच होतं ते, म्हणून मी कधी वाद घातला नाही. संघ एका गाद्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाईंचा. आमचे खेळाडू मैदानात इतक्या वेळा आडवे व्हायचे की जाहिरातीला याहून चांगला संघ त्यांना मिळाला नसता.

त्या वर्षी आम्ही ओळीने सात सामने हरलो आणि त्याच आठवड्यात आम्ही घरही बदललं. सामान हलवणारी चार माणसं आली होती. जुनं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी मदत करत होतो, म्हणजे दारात उभा राहून सूचना देत होतो. एवढ्यात त्यांच्यातल्या एकाने फ्रिजला पट्टा घातला, पाठ टेकवली आणि एकट्याने तो उचलून जिन्याकडे निघाला. मान बैलासारखी, पावलं मात्र मांजराची. माझा हात आपोआप स्टॉपवॉचवर गेला. मी त्याच्या मागोमाग खाली उतरलो. चार मजले, एकदाही न थांबता, कठड्याला ओरखडासुद्धा नाही.

खाली पोचताच मी त्याला गाठलं.

"रग्बी खेळलायस का कधी?"

"नाही साहेब. हे गाडीत कुठल्या बाजूला ठेवू?"

"खेळशील का? व्यावसायिक संघ आहे. मी शिकवेन तुला."

"साहेब, फ्रिज..."

"तुझ्यासारखा माणूस मी चार वर्षं शोधतोय. वजन किती तुझं?"

बायको बाल्कनीतून ओरडली, "अरे, आधी त्याला फ्रिज तरी खाली ठेवू दे."

त्याने ठेवला. इतका हळू, की आत अंडी होती ती आम्हाला नव्या घरात अख्खी मिळाली. मग कपाळ पुसत त्याने मला जे विचारलं ते मी अजून विसरलेलो नाही. बारा वर्षं तो तेच काम करत होता. घरी बायको, दोन मुली, सासूबाई. मालक सुट्टी देणार नाही, त्याच्या जागी दुसरा माणूस घेईल. "आणि नाही जमलं तर, साहेब?"

"जमेल," मी म्हणालो. "माझा शब्द आहे."

नव्या घरात खोकी उघडताना बायको म्हणाली, "तुझा शब्द त्या दोन मीटरवाल्यालाही होता."

"हा वेगळा आहे."

"त्याला पोरी आहेत. उद्या हा घरी बसला तर तू काय करणार आहेस? स्टॉपवॉच लावणार?"

मी खोक्यात डोकं घातलं आणि चमचे शोधू लागलो.

चौदा आठवड्यांच्या परीक्षेवर त्याला घेतलं. पहिल्याच दिवशी खेळाडूंनी त्याचं नाव कपाट ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या जुन्या मालकाने त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवला, म्हणजे परतीची वाट बंद. मी मात्र खुशीत होतो. हा गडी चेंडू घेऊन समोरच्यांना उडवत जाईल, लोक उभे राहतील, आणि कुणीतरी विचारेल, याला शोधलं कुणी? इथपर्यंत मी मनात बेत करून ठेवला होता. मुलाखतीला कुठला शर्ट घालायचा तेही ठरलं होतं.

टॅकलचा, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला धरून पाडायचा, पहिला सराव झाला. आमचा सगळ्यात चपळ गडी चेंडू घेऊन धावत आला. कपाटाने त्याला कमरेशी धरलं, उचललं, डोक्यामागे हात लावला आणि गवतावर नीट आडवं ठेवलं. वर वाकून विचारलं, "लागलं नाही ना?"

चपळ गडी आडवा पडल्या पडल्याच म्हणाला, "नाही. अजून थोडा वेळ पडू का?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो मला मुळीच आवडला नाही. बारा वर्षं या माणसाने एकच गोष्ट जपली होती: कशाला धक्का लागू द्यायचा नाही. दाराची चौकट, आरशाची कड, दुसऱ्याचं डोकं, सगळं चुकवून जायचं. आणि रग्बीत नेमकं धडकायचं असतं. चेंडू हातात दिला की तो समोरच्याला वाट करून द्यायचा. एकदा तर "सांभाळून" म्हणालाही.

मी चंगच बांधला. त्याला हाणामारीचे जुने सामने दाखवले. तो पडद्याकडे बघून हळहळत राहिला. समोरचा चोर आहे असं समज, म्हटलं. तो म्हणाला, "चोराला मी ओरडलो असतो, साहेब." शेवटी मी भंगारातून एक जुनं लाकडी कपाट आणून मैदानाच्या मधोमध उभं केलं आणि सांगितलं, धाव आणि याचा चुराडा कर. सगळा संघ कडेला उभा राहिला. तो धावत गेला, एक पाऊल आधी थांबला. दार उघडून पाहिलं, मिटून पाहिलं. मग खिशातून एक लहानसा पेचकस काढून बिजागरीचा स्क्रू आवळला.

"ढिला होता," परत येऊन तो म्हणाला.

मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं. "भावोजी, तुम्ही खेळाडू आणता की घरकामाला माणसं?"

आठ आठवडे मी त्या माणसाची ती एक सवय मोडायच्या मागे होतो. घरी आलो की बायको काही विचारायची नाही, फक्त बघायची. ते विचारण्याहून वाईट. मला झोप लागेना. हरलेल्या सामन्यांनी माझी झोप कधी उडाली नव्हती हे मी प्रामाणिकपणे सांगतो, पण त्या माणसाच्या मुलींच्या शाळेचा विचार आला की मी ताडकन उठून बसायचो. कपाट स्वतः एका शब्दाने तक्रार करत नव्हता. रोज सगळ्यांच्या आधी यायचा आणि सराव संपला की सामान आवरायचा. ते त्याला छान जमत होतं.

आमच्या सरावात एक लोखंडी गाडा असतो. स्क्रमसाठी. स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण खांद्याला खांदा लावून, डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात. सरावात समोर आठ माणसांऐवजी हा गाडा. आमचे आठ जण जीव खाऊन ढकलायचे आणि गाडा दर वेळी डावीकडे वळून कुंपणात जायचा. सामन्यातही तेच व्हायचं, फक्त तिथे कुंपणात आम्ही जायचो.

नवव्या आठवड्यात पुढच्या फळीतल्या उजव्या गड्याची मान आखडली. मेव्हणा वैतागून बसला होता. कपाट गाडा आत न्यायला आला होता, तो तिथेच घुटमळला.

"सर, एक बोलू का? हे सगळे ढकलतायत."

"मग काय करायचं असतं?"

"आधी वजन घ्यायचं असतं. प्रत्येक जण आपापल्या वेळेला ढकलतो, म्हणून ते फिरतं. पियानो असाच फिरतो."

मेव्हण्याने हाताने खूण केली, बघ करून. कपाट उजव्या बाजूला वाकला, खांदा लावला आणि जिन्यात बोलावं तसं, अगदी सहज बोलू लागला. "कुणी ढकलू नका. वजन आलं का? डावीकडचे, आलं? मागचे? हं. आता पाऊल. थांबा. वजन आलं? पाऊल."

गाडा सरळ गेला. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी लावल्यासारखा. आठही जण कुणीतरी ओरडेल या भीतीने खांदे न काढता तसेच वाकून राहिले.

"भावोजी," मेव्हणा शेवटी म्हणाला, "याला तुम्ही दोन महिने पळवत होतात?"

मी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर पाहिलं तर नुसती तारीख होती.

पुढचे पाच आठवडे त्याला पुढच्या फळीतल्या जुन्या गड्याने घडवलं. मान कशी ठेवायची, पाठ कुठे टेकायची. मला कुणी बोलावलं नाही, तरी मी दूर उभा राहून मान डोलवत असे, जणू हे माझंच चाललंय. शेवटच्या सामन्यात, चौदाव्या आठवड्यात, त्याला अखेरची वीस मिनिटं उतरवलं. बारा-बारा बरोबरी होती. आम्ही त्या वर्षी एकही सामना जिंकलो नव्हतो, बरोबरीही साधली नव्हती. आमच्या गोलरेषेपासून पाच पावलांवर समोरच्यांना स्क्रम मिळाला. त्यांनी रेटलं, स्क्रम कोसळला. पुन्हा लावला. पुन्हा रेटलं. मी कडेला उभा होतो आणि गर्दीच्या गोंगाटातही मला तो आवाज ऐकू येत होता: "वजन आलं? थांबा. नुसतं थांबा." चार वेळा रेटलं त्यांनी, आमची फळी वीतभरही हलली नाही. चौथ्या वेळी घाईत त्यांच्याच हातून चेंडू सुटला आणि सामना संपल्याची शिट्टी झाली.

बरोबरी. आम्ही असे नाचलो की समोरच्या संघाने गुणफलक पुन्हा वाचला.

सोमवारी मालकीणबाईंनी बोलावलं. मेव्हणा आधीच येऊन बसला होता आणि खिडकीबाहेर बघत होता, त्यावरून मला कळायला हवं होतं.

"त्या कपाटाला दोन वर्षांसाठी घेतोय," बाई म्हणाल्या. "तुमच्या शब्दाला जागलात."

मला भरून आलं. खरंच आलं. मी नको नको म्हणत उभा राहिलो.

"बसा. तो माणूस हजारो घरांत जाऊन आलाय. कोण कसं उचलतं हे त्याला हात लावल्याबरोबर कळतं. कालच त्याने दोघांची नावं दिली, प्रशिक्षकांनी त्यांना पाहिलंही. तेव्हा खेळाडू शोधायला आता वेगळा माणूस लागणार नाही." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "चार वर्षांत तुम्ही एक माणूस बरोबर आणलात. तो इतका बरोबर निघेल असं आम्हालाही वाटलं नव्हतं."

मेव्हणा खिडकीकडे बघत म्हणाला, "ताईला मी सांगू का तुम्ही?"

मी सांगितलं. बायको हातातलं काम ठेवून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "त्याची नोकरी राहिली ना?" राहिली, म्हटलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. लग्नाच्या बावीस वर्षांत तिने माझ्या एखाद्या शोधाला दिलेली ही पहिली दाद.

शुक्रवारी मी ऑफिस रिकामं करायला गेलो. तिसरा मजला. एक लोखंडी कपाट, आत चार वर्षांच्या वह्या. दाराशी तो उभा होता, हातात जुना पट्टा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"तुला सरावाला जायचं असेल," मी म्हणालो.

"दुपारी आहे. तुम्ही वरची बाजू धरा, साहेब. मी खाली राहतो."

चार वर्षांत मी पहिल्यांदाच कशाची तरी एक बाजू धरली. त्याने पट्टा घातला, खाली वाकला.

"वजन आलं?"

"आलं," मी म्हणालो.

तो हलला नाही. "नाही आलं, साहेब. तुम्ही नुसता हात लावलाय."

मला लाज वाटली. त्याच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं, पण तो नव्हता. त्याला फक्त वजन कुठे आहे ते कळत होतं. मी गुडघे वाकवले आणि खरंच उचललं. दंडात, पाठीत, दातांत सगळीकडे ते कपाट शिरलं.

"हं, आता आलं. पाऊल."

आम्ही एक मजला उतरलो. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं काम केलं नव्हतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझी कंबर धरली. मी ओरडलोही नाही, नुसता श्वास अडकला. त्याला तेवढं पुरलं. त्याने कपाट भिंतीला टेकवलं, दोन पायऱ्या वर आला, एक हात माझ्या पाठीमागे आणि एक डोक्यामागे लावला आणि मला फरशीवर आडवं ठेवलं. आठ आठवडे मी त्याची जी सवय मोडायला बघत होतो, तिच्यात कुठेच काही मोडलेलं नव्हतं.

त्याने वर वाकून विचारलं, "लागलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "अजून थोडा वेळ पडू का?"