सहा मिनिटांची कॅसेट

ओहायोतल्या त्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटींचा बाजार भरे, आणि तिथे वेंडेलचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. त्यानं स्क्रू काढून आतला सर्किट बोर्ड पाहिल्याशिवाय कुणाचीही कॅसेट खरी मानली जात नसे. नकली मालाचा सुळसुळाटच तसा होता.

आज त्याच्यापुढे रस्टीची कॅसेट होती, आणि वेंडेलच्या पोटात सकाळपासून दुखत होतं. १९९० सालच्या स्पर्धेसाठी मुद्दाम बनवलेली, बरोबर सहा मिनिटांनी खेळ बंद करणारी. अंतिम फेरी गाठणाऱ्यांनाच ती मिळाली होती. उपांत्य फेरीत रस्टीनं चौदा वर्षांच्या वेंडेलला तीन हजार गुणांनी हरवलं होतं. आठ लाखांत तीन हजार! पुढे वेंडेलनं तळघर भरून कॅसेटी जमवल्या, पण ही काही हाती लागली नाही. आणि हा गडी ती मोज्यात घालून ठेवत होता! आता बाजार भरवणारे क्लबवाले ती काचेच्या पेटीत मांडणार होते, खाली रस्टीचं नाव लिहून. फक्त वेंडेलचा होकार हवा होता.

त्यानं स्क्रू काढले. बोर्ड अस्सल होता. शंकेला जागाच नव्हती.

"नकली आहे," वेंडेल म्हणाला.

रस्टीचा चेहरा पडला. "अरे, मला स्टेजवर दिली होती रे!"

"मध्ये कुणाकडे होती का?"

"मेव्हण्याकडे. आठ वर्षं." रस्टीनं कपाळावर हात मारला. "बदलली म्हणायची त्या भामट्यानं!"

वेंडेलनं स्क्रू परत बसवले. मेव्हण्याचं त्याला वाईट वाटलं, पण फार नाही.

मग रस्टी एकदम हसला. "चल, एक बरं झालं. झिजेल म्हणून इतकी वर्षं सोवळ्यात ठेवली होती. आता कसली भीती? लाव टीव्हीला. तू खेळ आधी."

नाही म्हणायला वेंडेलला कारण सापडेना. त्यानं कंट्रोलर हातात घेतला, आणि पहिल्या मिनिटातच अंगठे त्याचं ऐकेनासे झाले, आपणहून धावू लागले. हॉलमधले लोक गोळा झाले. सहा मिनिटं संपली. पडद्यावर आठ लाख नव्वद हजार! रस्टीच्या तेव्हाच्या आकड्याहून पन्नास हजार जास्त. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी खडू घेऊन भिंतीवरच्या विक्रमांच्या फळ्याकडे धावलं.

वेंडेलचे डोळे भरून आले. तेहेतीस वर्षं तो याचीच वाट पाहत होता.

"अहो, थांबा, थांबा," रस्टी ओरडला. "फळ्यावर नको. नकली कॅसेटवरचे गुण आपण धरत नाही. नियम ह्यानंच केलाय. काय रे वेंडेल?"

सगळे वेंडेलकडे पाहू लागले. कॅसेट खरी आहे असं सांगायचं, तर आज या टेबलावर सर्वांदेखत खोटं बोललो हेही सांगावं लागणार होतं. मग पुन्हा त्याचा शब्द कोण मानणार?

"बरोबर आहे," तो म्हणाला. "नकलीच आहे ती."

रस्टीनं मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटतंय रे मला. खरी असती ना, तर आज तू मला हरवलं असतंस."