सगळ्यात वरचा नियम

रमजान लागला की बेनी मेल्लाल शहरातल्या त्या इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात एक रीत ठरलेली होती. जाळ्यात काही मोठी उलथापालथ करायची असली, तर ती मग्रिबच्या, म्हणजे रोजा सुटायच्या अजानीला करायची. अख्खा प्रांत त्या वेळी हरिरा सुपाच्या वाडग्यावर वाकलेला असतो. फोन उलटे पडलेले असतात, टीव्ही नुसता आवाजापुरता चालू असतो, आणि ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावरच्या इंटरनेट वापराच्या सगळ्या रेषा तळाला जाऊन बसतात. ज्याची पाळी असेल त्यानं तोंडात खजूर टाकायचा, बटण दाबायचं, आणि लोकांचं सूप संपायच्या आत काम आटपायचं. काही बिघडलंच तरी कुणाच्या लक्षात येत नाही. लोक चेबाकिया मिठाईचा दुसरा तुकडा उचलेपर्यंत सगळं पूर्ववत झालेलं असतं.

आज पाळी विदादची होती. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावरची पहिलीच.

काम तसं साधं होतं. वरच्या डोंगराळ गावांकडे जायला दोन वाटा: एक खोऱ्यातून गेलेली फायबरची केबल, आणि दुसरी मनोऱ्यावरून मनोऱ्यावर उडी मारत जाणारी रेडिओची. फायबरची वाट रुंद, रेडिओची अगदी चिंचोळी. फायबरचं यंत्र नवं सॉफ्टवेअर घालून बंद-चालू करायचं होतं, आणि तेवढ्या वेळापुरती सगळी ये-जा रेडिओवरून वळवायची होती. शरद ऋतूत कंपनीनं जे नवं सॉफ्टवेअर घेतलं, त्यात असली कामं नियम लिहून करता येत. कुणाची माहिती कुठल्या वाटेनं जाईल याचे नियम एकाखाली एक मांडायचे. यंत्र वरून खाली वाचत येतं, जो पहिला लागू पडेल तो पाळतं, आणि त्याच्या खालचे बघतसुद्धा नाही. विदादनं नियम लिहिला होता: सगळ्यांनी रेडिओवरून जायचं. वेळ घातली होती साडेसहाची, अजानीच्या ठोक्याला. सी अब्दर्रफींनी मंजुरी दिली होती. ते तिचे साहेब. मंजूर झालेलं काम त्यांच्याशिवाय कुणाला रद्द करता येत नसे.

तरीही ती सकाळपासून तो नियम उघडून उघडून वाचत होती. इनास झाल्यापासून तिला ही खोडच जडली होती. बाळ झोपलं की नाकाखाली बोट धरून बघायचं. श्वास बोटाला लागला की हुश्श करायचं, आणि पुन्हा थोड्या वेळानं जायचं.

"अगं, किती वेळा वाचशील? पाठ म्हणून दाखवायचंय का कुणाला?" जव्वाद म्हणाला. तो शेजारच्या टेबलावर बसे. रोज्यामुळे त्याचे ओठ सुकले होते आणि जीभ मात्र नेहमीपेक्षा धारदार झाली होती. "आणि पाणी प्यायचं तर इथंच पी. त्या कपाटामागं जाऊन पितेस, जसं काही चोरी करतेस. अंगावर पाजणारीला सूट आहे, हे आमच्या आजीलाही माहीत होतं."

"तू असा बघत असतोस ना बाटलीकडं, म्हणून जाते."

"मी बाटलीकडं नाही, घड्याळाकडं बघतोय. ते पण माझ्याकडं बघतंय. आम्ही दोघंही हलत नाही."

ते भिंतीवरचं घड्याळ त्यानंच रविवारी खुर्चीवर चढून तासभर मागं केलं होतं. रमजानपुरती देशाची वेळ एक तास मागं जाते आणि ईद झाली की परत पुढं येते. ऑफिसात दरवर्षी हा खुर्चीचा कार्यक्रम होई, आणि दरवर्षी जव्वाद त्याचा चहा मागे.

पाच वाजून गेले होते तेव्हा फोन वाजला. आयत उबरामच्या दवाखान्यातून इत्तोचा. इत्तो तिथली सुईण. विदादनं तिला कधी पाहिलं नव्हतं, पण लाइन तुटली की इत्तो हिलाच शोधून काढी, आणि रजेच्या काळातही "बाळानं मान धरली का" म्हणून दोनदा तिचा फोन येऊन गेला होता.

"विदाद, पोरी, ऐक. घाटात बर्फ पडलंय, रस्ता बंद आहे. माझ्याकडं फादमा म्हणून एक बाई आली आहे, पहिलटकरीण. दिवस भरायचे आहेत अजून आणि कळा सुरू झाल्यात. पोटात बाळ कसं आहे ते मला हाताला नीट लागत नाही. शहरातली डॉक्टरीण आत्ता माझ्या सोनोग्राफीच्या मशीनचं चित्र तिकडून बघतेय. अजानीपर्यंत बसते म्हणाली. लाइन तेवढी धरून ठेव गं."

"निवांत राहा, लल्ला इत्तो. आमचं काम मग्रिबच्या अजानीला आहे. तोवर फायबर तुमचीच."

"अल्ला तुझ्या लेकीला मोठी करो," असं म्हणून इत्तोनं फोन ठेवला.

विदादनं पडद्यावर दवाखान्याची रेषा शोधली. हिरवी, बारीक, पण सलग. तिच्या आजूबाजूला बाकीच्यांच्या रेषा चढत चालल्या होत्या. रोजा सुटायच्या आधीचा हा तास सगळ्यात वाईट. भुकेली माणसं वेळ मारायला फोनवर व्हिडिओ बघत बसतात, आणि बघतात तेही स्वयंपाकाचे.

तेवढ्यात घरून सासूबाईंचा फोन आला. मागं इनासचा टिपेचा सूर.

"ऐकतेस ना?" लल्ला रकिया म्हणाल्या. "ही अशी अर्ध्या तासापासून. बाटली तू सांगितलेल्या वेळेला द्यायची म्हणून मी थांबलेय, आणि ही मला खायला उठलीय."

"द्या ना लल्ला, आत्ताच द्या. पण तिची वेळ तर अजून..."

"वेळ! सरकारनं घड्याळ मागं नेलं, ते हिला कुणी सांगितलंय? हिचं पोट जुन्याच वेळेवर चालतं. आपण सगळ्यांनी काटे फिरवले, ही एकटी राहिली."

विदाद हसली. "हो की. तिला सांगायचं राहिलंच," म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता तिचं हसू तोंडावरच थांबलं.

आपण सगळ्यांनी काटे फिरवले. फोन आपोआप फिरले. भिंतीवरचं घड्याळ जव्वादनं फिरवलं. आणि सॉफ्टवेअर? त्याचा हा पहिलाच रमजान. ते बनलं कुठल्या देशात आणि त्याला आपल्याकडची ही एक महिन्याची गंमत कुणी सांगितली?

तिनं सॉफ्टवेअरच्या नोंदी उघडल्या. तिनं नुकतीच दवाखान्याच्या रेषेवर टिचकी मारली होती, त्याची नोंद सगळ्यात वर होती. तिच्यापुढं वेळ होती सहा वाजून पंधरा. भिंतीवर सव्वापाच.

"जव्वाद."

"काय?"

"याचं घड्याळ एक तास पुढं आहे."

"कशाचं?"

"याचं! आपल्या साडेपाचलाच याचे साडेसहा वाजणार. सगळी ये-जा आत्ता रेडिओवर जाणार, या गर्दीत. दवाखान्याची पण."

जव्वाद उठून आला. आधी चेष्टेचा चेहरा करून, आणि पडद्यावर वाचता वाचता तो चेहरा पुसून टाकत. "या रब्बी," तो म्हणाला. "थांब. रद्द कर."

"मला करता येत नाही. सी अब्दर्रफींना लाव."

त्यानं लावला. वाजत राहिला. परत लावला. "गाडीत असतील. या वेळेला ते बायकोसाठी चेबाकिया आणायला रांगेत उभे असतात, आणि रांगेत ते फोन उचलत नाहीत. मागचा पुढं घुसतो म्हणतात."

"लावत राहा."

विदादच्या डोक्यात नको नको ते यायला लागलं: चित्र मध्येच गोठलंय, डॉक्टरीण "हॅलो, हॅलो" करतेय, इत्तोच्या हाताखाली त्या बाईचं पोट. रजेवरून आल्यापासून सगळे तिला म्हणत, तू उगाच घाबरतेस. ती स्वतःलाही तेच म्हणत असे. पण नोंदीतली वेळ काही तिच्या घाबरण्यानं पुढं गेली नव्हती.

काम रद्द करता येत नव्हतं, पण नवा नियम लिहायला तिला कुणी अडवलं नव्हतं. दवाखाना: फायबर. बस. त्या यंत्राला हात कुणी लावणार नव्हतं, बंद-चालू करायचं काम तर तिनं हातानंच करायचं होतं. तेव्हा दवाखान्याला फायबरवर बसू द्यायला हरकत काय? तिनं दवाखान्याचा पत्ता टाकला, आकडा आकडा बोट ठेवून ताडून पाहिला, वाट निवडली, जतन केलं. यादीत नवी ओळ उमटली.

"झालं?" जव्वादनं फोन कानाला लावूनच विचारलं आणि वाकून बघितलं. "अगं बाई, तळाला गेलाय तो!"

खरंच. नवा नियम सॉफ्टवेअर आपलं यादीच्या शेवटी टाकत असे. वर "सगळ्यांनी रेडिओवरून जायचं" हा बसलेला, आणि त्याच्या खाली दवाखाना. यंत्र वरच्याशीच थांबलं असतं. इतक्या वेळा पाठ केल्यासारखं वाचूनही हे तिच्या नजरेतून निसटलं होतं.

"ओढ वर. अजून. अगदी डोक्यावर ने त्याला."

तिनं ओळ धरून वर ओढली. एकदा हातातून सुटली आणि मध्येच कुठंतरी पडली. जव्वादनं काहीतरी पुटपुटून लगेच तौबा केली, कारण रोज्यात शिवी चालत नाही. तिनं पुन्हा धरली, वरपर्यंत नेली, जतन केलं. भिंतीवरचा मोठा काटा सहावर आला आणि पडद्यावरच्या सगळ्या रेषा एकदम सरकल्या.

रेडिओची रेषा वर जाऊन छताला टेकल्यासारखी सपाट झाली, तांबडी. फायबर रिकामी पडली. नाही, अगदी रिकामी नाही. खाली एक बारीक हिरवी रेघ चालली होती, सलग.

विदाद तिच्याकडं बघत राहिली. श्वास लागतोय.

मग फोन वाजायला लागले. पहिला एका कॅफेवाल्याचा, दुसरा डोंगरातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकाचा. त्यानं शाळेचं नाव सांगितलं, पण मागून कढईचा आणि पाककृती सांगणाऱ्या बाईचा तुटक तुटक आवाज येत होता. जव्वाद प्रत्येकाला "थोडा धीर धरा, सिदी, रोजा आहे," असं सांगत होता. आणि मग सी अब्दर्रफींचा.

"काय चाललंय काय तिकडं? मी रांगेत उभा आहे आणि बायको फोन करून ओरडतेय, गावाकडं तिच्या आईची ब्रिवातची पाककृती गोल गोल फिरतेय! काम अजानीला ठरलं होतं ना?"

"सॉफ्टवेअरनं घड्याळ मागं नेलेलं नाही, सी अब्दर्रफी," विदाद म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा सरळ निघाला. "काम एक तास आधी सुटलं. तुम्ही आत्ता फोनवरूनच रद्द करा, लोक परत फायबरवर येतील. अजानीला मी ते हातानं करीन."

पलीकडं रांगेचा गलका ऐकू आला. कुणीतरी "पुढं सरका हो" म्हणालं.

"आणि आयत उबराम? तिथला दवाखाना..."

"ते फायबरवरच आहेत. त्यांचा नियम मी वर घातलाय. तुम्हाला न विचारता."

"वर म्हणजे?"

"सगळ्यात वर."

मग तांबडी रेषा एकदम खाली कोसळली आणि बाकीच्या रेषा फायबरवर परतल्या. त्यांनी रद्द केलं होतं.

"रांगेतली माझी जागा गेली," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, "बरं केलंस."

इत्तोचा फोन आला तेव्हा बाहेर रस्ता ओस पडत चालला होता, सगळे घराकडं धावत होते. विदादनं पहिल्या घंटेला उचलला.

"पायाळू आहे," इत्तो म्हणाली. दमलेली होती, पण आवाजात घाई नव्हती. "डॉक्टरणीनं फिरवून फिरवून बघितलं, चार वेळा माझ्याकडून परत करून घेतलं. इथं नको म्हणाली. बर्फ काढायचं यंत्र तिनंच मागवलं, प्रांताच्या कचेरीत स्वतः भांडून. वेळ आहे अजून, म्हणाली. ते यंत्र पुढं आणि रुग्णवाहिका मागं, आत्ताच निघाले. फादमा मला काय म्हणाली माहितीये? म्हणे, लल्ला, तुमचा रोजा सुटायच्या आत मी परत येते. मी म्हटलं, बाई गं, तू सावकाश ये, दोघं मिळून या."

विदादला एकाच वेळी हसू आलं आणि डोळे भरून आले. "पोचल्या की कळवाल?"

"आधी तुला, मग तिच्या नवऱ्याला."

अजान झाली. जव्वादनं एक खजूर तोंडात टाकला, एक तिच्यापुढं धरला. पडद्यावर एकेक रेषा खाली येऊन बसली. प्रांतानं सूप हातात घेतलं. दवाखान्याची रेषाही आता झोपली होती. तिथं आता कुणी रुग्ण नव्हतं, फादमा घाटात होती. विदादनं नियम हातानं चालू केला, सगळ्यांना रेडिओवर पाठवलं, यंत्र बंद केलं, चालू केलं. एकेक हिरवा दिवा लागत गेला. सूप संपायच्या आत झालं.

सी अब्दर्रफी चेबाकियाचा डबा काखेत मारून आले, तेव्हा ती यादी पुन्हा वाचत होती.

"तो वरचा आता काढायचा ना?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"नाही. राहू द्या."

"अगं, असा प्रत्येक जण वर बसायला लागला तर..."

"प्रत्येक जण नाही. दवाखानाच. आणि मला वाटतं, खोऱ्यातले बाकीचे दवाखानेही. मी उद्या लिहिते, तुम्ही मंजुरी द्या."

त्यांनी जव्वादकडं पाहिलं. जव्वादच्या तोंडात चेबाकिया होती. त्यानं नुसती मान हलवली, जोरात.

"कारणाच्या रकान्यात काहीतरी नीट लिही," साहेब म्हणाले. "वरिष्ठ विचारतील."

विदादनं रकाना उघडला. बराच वेळ विचार केला, दोन वाक्यं लिहून पुसली. दूध भरून आल्यानं छाती ठणकत होती, घरी पोचायला हवं होतं. शेवटी तिनं लिहिलं: इथं माणसं जन्माला येतात. हा नियम खाली नेऊ नये.

आणि जतन केलं. वाचून बघितलं, फक्त एकदा.