दहा लाख तीनचं कुणाशी जमेना

मित्रांनो, मी एक जुनी मूळ संख्या आहे, दहा लाख तीन. किती जुनी ते विचारू नका, कारण मला कुणी घडवलंच नाही. एक आणि मी स्वतः, एवढ्या दोघांनीच मला पूर्ण भाग जातो. दुसरं कुणी आलं की काहीतरी उरतंच. माझी शेजारीण दहा लाख, तिचा केवढा मान! दोन, चार, पाच, आठ, सगळ्यांशी तिचं गूळपीठ. मला मात्र लोक 'दहा लाखांच्या वर काहीतरी' म्हणून वाटेला लावत.

मग एका शहराने नव्या वाचनालयाची भिंत बटणांनी सजवायची ठरवली. प्रत्येकाने एक बटण द्यायचं. शिवणाचं दुकान चालवणाऱ्या ताईंनी ती गोळा केली, शंभर-शंभरच्या पुड्या बांधल्या आणि मोजणी जाहीर केली, "दहा लाख तीन!" पहिल्यांदाच कुणी मला पूर्ण नावाने हाक मारली. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

भिंतीचं काम ताईंच्या धाकट्या भावाकडे होतं. तो गवंडी. त्याला हवा होता नेटका आयत, सगळ्या ओळी सारख्या. दोनाने भागलं, एक उरलं. तिनाने भागलं, एक उरलं. सात, अकरा, तेरा, तिन्ही वेळा चार-चार उरली.

"कुणीतरी माझी थट्टा करतंय!" तो म्हणाला.

मीच करत होते, पण माझाही नाइलाज होता. हजारापर्यंत पोचून त्याने हात टेकले. माझे सारखे भाग पडायचे, तर एकाहून मोठा एक तरी विभाजक हजाराच्या आत सापडायला हवा होता, कारण हजारावरच्या दोन संख्यांचा गुणाकार माझ्याही पुढे जातो. तो नव्हताच.

"ताई, तीन बटणं काढून टाक. हजार ओळी, ओळीत हजार. कुणाला कळणार आहे?"

"ज्याचं काढशील त्याला कळेल."

"बरं, शेवटची तीन काढू. कुणाची आहेत?"

ताईंनी मूठ उघडली. "हे शेजारच्या तान्ह्या बाळाचं. हे आपल्या बाबांच्या कोटाचं, ते गेल्यापासून जपून ठेवलेलं. आणि हे तुझं."

"माझं? कधी घेतलंस?" त्याने खाली पाहिलं. शर्ट पोटावर उघडा होता.

त्याने शर्ट ओढून धरला. मग ताईच म्हणाल्या, "एकच ओळ घाल."

"एक ओळ? अगं, ती भिंतीबाहेर जाईल!"

"जाऊ दे. गावभर फिरव."

ओळ निघाली. वाचनालयातून न्हाव्याच्या दुकानावरून, दवाखान्याच्या कुंपणावरून, गल्ल्यागल्ल्यांतून. गवंडी दिवसभर कुरकुरायचा. लोक मात्र आपापलं बटण शोधून त्यावर बोट ठेवून उभे राहायचे. बाबांचं बटण बसवताना त्याची कुरकुर थांबली. सिमेंट सुकेपर्यंत त्याने अंगठा काढला नाही.

शेवटचं बटण बसलं आणि सफरीवरून परतलेला एक खलाशी धापा टाकत आला. "माझं राहिलं हो!"

गवंड्याने मनात हिशोब केला आणि मटकन खाली बसला. "दहा लाख चार! चार ओळींत बसलं असतं ना गं, ताई! पाव रस्त्यात काम आटोपलं असतं!"

ताई हसून लोटपोट झाल्या. "लाव आता," त्या म्हणाल्या.

त्याने लावलं, आणि मित्रांनो, माझी नोकरी गेली. आता दहा लाख चारचा तोरा बघवत नाही. पण एक मागणं आहे. भागाकारात कुणी उरलं, तर त्याला पुसून टाकू नका. ओळ लांबवा.