कात्री लावण्याआधी

माझ्या टेलरिंगच्या दुकानाचा एक नियम आहे. कापड टेबलावर पसरलं की कात्री उचलायच्या आधी कामावरच्या पोरीनं मला ऑर्डर परत सांगायची. कुणाचा कोट, बाही केवढी, अस्तर कुठलं, खिसे किती, सगळं तिच्या शब्दांत. "हो बाई, कळलं" म्हणून मान हलवलेली मला चालत नाही. अशाच एका मान हलवणारीनं वकीलबाईंच्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत आणून ठेवल्या होत्या. तेव्हापासून हा नियम, बत्तीस वर्षं झाली.

आता तो राज्याच्या कायद्यात आहे. थापा मारत नाही.

माझी धाकटी सून मोठ्या इस्पितळात सिस्टर आहे. गेल्या वर्षी नव्या आरोग्य कायद्यासाठी राज्याची समिती बसली, सिस्टर लोकांनाही बोलावणं आलं. देशाचा कायदा आधीपासून होताच, ऑपरेशनआधी रोग्याला समजेल अशा भाषेत सांगावं म्हणून. पण त्याला समजलं की नाही हे बघायचं कुणी, ते त्यात नव्हतं. आमची उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या सासूबाईंच्या शिवणाच्या दुकानात याहून जपून कापतात." एवढ्या मोठ्या माणसांत माझ्या दुकानाचं नाव काढलं. घरी आल्यावर मी तिला झापलं, शिवणाचं काय म्हणतेस, टेलरिंग म्हण. मग आतल्या खोलीत जाऊन एकटीच हसत बसले.

समितीनं कलम लिहिलं. रोग्यानं स्वतः परत सांगायचं, सिस्टरनं ते तसंच लिहून घ्यायचं, मगच सही. एक तारखेपासून लागू झालं. तीन तारखेला पित्ताशयातल्या खड्यांसाठी मी भरती झाले, सुनेच्याच वॉर्डात.

रात्रपाळीच्या लोकांनी तोवर एक शिक्का बनवून घेतला होता, 'सांगितले, समजले'. दोन दिवसांत सात कागदांवर तो बसला. सून माझी उशी नीट करता करता पुटपुटली, "आई, आठवडाभर असं चाललं की कलम मेलंच म्हणायचं. मग सगळे शिक्काच मारतील."

सकाळी डॉक्टर आले. बरोबर माझा थोरला.

"आजी, इथे सही करा."

"मी तुमची आजी असते तर तुम्ही बसून बोलला असता," मी म्हटलं. "काय करणार ते सांगा. मी परत सांगते. मग सही."

थोरल्यानं कपाळावर हात मारला. "आई, कशाला ताणतेस? आण, मी करतो. डॉक्टर, ती दुसरीपर्यंतच शिकलीय हो."

"पोट तुझं आहे का?"

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "मला आज सात ऑपरेशनं आहेत. देशाच्या कायद्यात माहिती द्या एवढंच आहे. ती फॉर्मवर छापलीय. सिस्टर, तुमच्या सासूबाईंना समजवा जरा."

सून फाईल छातीशी धरून उभी होती. कान लाल झाले होते. "सर, राज्याच्या कायद्यात त्याच्या पुढचं आहे. त्यांनी परत सांगितल्याशिवाय मला ही फाईल थिएटरला पाठवता येणार नाही." फाईल खाली आली नाही.

"मग आजचं रद्द. पुढची तारीख तीन आठवड्यांनी."

खरं सांगते, आदल्या आठवड्यात अशी कळ आली होती की भिंत धरून बसले होते. तीन आठवडे म्हटल्यावर तीच कळ आठवली. एक सही केली की सुटले असते. मी सुनेकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. सासू काय म्हणेल याची तिला खात्री होती.

"करा रद्द," मी म्हटलं. "पण कारण लिहा. दहा मिनिटं नव्हती असं लिहा, आणि खाली तुमची सही करा."

डॉक्टरांनी पायानं स्टूल ओढलं आणि बसले. बसल्यावर माणूस बरा बोलला.

त्यांचं झाल्यावर मी सुरू केलं. "पोट उशीसारखं फुगवणार. चार काजं पाडणार. एका काजातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. पित्ताची पिशवी खड्यांसकट उसवून बाहेर काढणार. आत चिकटलेली निघाली तर उजव्या बरगडीखाली वीतभर उघडणार. ते मी झोपेत असताना ठरेल, म्हणून आत्ताच विचारताय."

"बरोबर."

"आणि पिशवी गेल्यावर पित्त कुठं जाणार?"

"यकृतातून सरळ आतड्यात. साठत नाही, एवढंच."

"हे मघाशी सांगितलं नव्हतंत."

"राहिलं."

"माझ्या दुकानात राहिलं की पहिल्यापासून सांगावं लागतं. तुम्हाला सूट."

ते हसले. मग सुनेच्या कागदात डोकावले. "सिस्टर, काजं काय लिहिताय?"

"त्यांच्या शब्दांत, सर. कलमात तसंच आहे."

मी सही केली. मला वेळ लागतो, एकेक अक्षर काढावं लागतं. कुणी घाई केली नाही.

पलीकडच्या खाटेवर हर्नियाची एक बाई होती. तिच्या कागदावर कालच शिक्का बसला होता. ती कोपरावर उठली. "डॉक्टरसाहेब, माझं काय कापणार आहात?"

डॉक्टरांनी पुन्हा घड्याळ बघितलं. मग स्टूल उचललं आणि तिच्या खाटेशी नेऊन ठेवलं. सुनेनं त्या बाईची फाईल काढली, शिक्क्यावर आडवी रेघ मारली आणि पेन उघडून उभी राहिली.

"सगळ्यांनाच उशीर होणार आता," थोरला म्हणाला.

"होऊ दे. ती बघ, तुझ्या भावाची बायको. कायदा करून आलीय."

"आई, हळू," सून मान वर न करता म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं, या वेळी दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.