काहिलीची कड

"संपली?" सर्जेराव काहिलीत डोकावले. "आजबी संपली?"

मालनबाईचा पळा तळाला खरखरत होता. रांगेत अजून बरीच माणसं उभी होती. सकाळपासून मुरूम उपसून त्यांची तोंडं पांढरी पडली होती, आणि हातातली जर्मलची भांडी कोरडी होती.

"पीठ मोजून दिलं, पाणी मोजून दिलं," सोसायटीचे सेक्रेटरी असलेले सर्जेराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मग आंबील जाती कुठं? पाय फुटत्यात का तिला?"

"पाय कावून? डोक्यावर बसून जाती घरला!" रांगेतून कोणीतरी बोललं, आणि उपाशी माणसंही हसली.

मालनबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. शेजारी तिची धाकटी जाऊ छबुबाई खाली मान घालून चुलीतलं लाकूड ओढत होती.

पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता. मांजरसुंब्याच्या अलीकडच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि सोसायटीनं मजुरांना दुपारची आंबील द्यायचं ठरवलं होतं. ऊस नव्हता, त्यामुळे गुऱ्हाळाची काहील रिकामीच होती. तीच चुलीवर चढवली. मापाचं मात्र कोणालाच माहीत नव्हतं. सर्जेरावांनी मालनबाईला विचारलं, तुमच्या घरी किती लागतं? तिनं सांगितलं, पाच माणसांना एवढं पीठ, एवढे तांबे पाणी. मजूर दोनशे, म्हणून त्यांनी त्याला चाळीसनं गुणलं. तिलाही ते पटलं. घरात पाहुणे आले की बायका तेच तर करतात.

आदल्या संध्याकाळी रेशनवर आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीचं पीठ भिजवायचं, रात्रीतून ते आंबायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून शिजेपर्यंत ढवळत राहायचं. यात चूक कुठं होती?

चेअरमन अर्जुनराव फटफटीवरून आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि तिथंच निकाल दिला. "उद्या सकाळी खंडोबाच्या देवळात दोघी बेलभंडारा उचला. घेतली न्हाई म्हणून देवापुढं सांगा. मंग कुनाचं कायबी म्हननं न्हाई."

त्या संध्याकाळी मालनबाईनं एक गोष्ट केली. छबू बाहेर गेलेली पाहून तिच्या चुलीपाशी गेली आणि मडक्यावरचं झाकण उचललं. आत आंबील नव्हती, भिजवलेल्या कण्या होत्या. वळली तर दारात छबू उभी. कडेवरचं पोर खाली ठेवून तिनं ते झाकण परत नीट बसवलं.

सकाळी देवळात निम्मा गाव होता. छबूनं बेल आणि भंडारा तळहातावर घेतला, पोराच्या गळ्याची शपथ वाहिली आणि तिथंच रडायला लागली. मग ताट मालनबाईपुढं आलं.

खंडोबाच्या पाया पडल्याशिवाय तिनं आजवर तोंडात पाणी घेतलं नव्हतं. चढ्या आवाजात बोललेली ती कुणाला आठवत नव्हती. आताही ती हळूच बोलली.

"मी उचलनार न्हाई."

"म्हंजी घेतली म्हना की," अर्जुनराव म्हणाले.

"देव मला रोज बगतो, चेरमन. तुमच्या पळीपळीच्या हिशेबाला त्याला साक्षीदार कावून करता? आन् त्या लेकराचा गळा कशाला मधी?"

"लई बोलाय लागली ही."

"अजून बोललेच न्हाई."

ठरलं असं, की आजचं पीठ भिजलंय म्हणून आज तिनं शिजवावं. उद्यापासून दुसऱ्या बाया. ही चोर ठरली म्हणून.

माळावर आल्यावर दोघी एकमेकींशी न बोलता काहील खरवडायला बसल्या. धुवायला पाणी नव्हतंच. छबू नारळाच्या करवंटीनं खरवडत होती, ती मधेच थांबली.

"अक्का, हे इतकं वर कसं?"

काहिलीच्या कडेला वाळलेल्या आंबिलीचं कडं होतं. काल आंबील तयार झाली तेव्हा ती या कड्याच्या चांगली वीतभर खाली होती. रोज दोघी ते कडं खरवडून टाकत होत्या.

मालनबाई बघतच राहिली. घरचं मडकं तोंडाला लहान, दोन उकळ्यांत काम भागतं. ही काहील परातीसारखी पसरट. अर्धा दिवस उघडी उकळायची, आणि वरून माळाचं ऊन-वारं. वाफ रोज दोघींच्या तोंडावर येत होती आणि दोघी ती पदरानं पुसत होत्या.

"छबू, सर्जेरावला हाक मार. चेरमनलाबी. आत्ताच."

पाणी ओतलं, पीठ सोडलं, तेव्हा तिनं दोघांदेखत कडेला कोळशानं रेघ ओढली. अर्जुनराव छत्रीखाली बसून राहिले. पीठ शिजलं तेव्हा रेघ वर होती आणि आंबील कितीतरी खाली. छबूनं दोन्ही हात पुढं करून दाखवले, रिकामे.

सर्जेराव डोकं खाजवू लागले. अर्जुनराव उठले, धोतर झटकलं. "बरं. टँकरच्या धा-बारा घागरी वता अजून. उद्यापास्नं तसंच करा. मिटलं."

"काय मिटलं?"

"आगं, तूच कर की उद्याबी. कोन काय म्हनतंय?"

घागरी ओतल्या, पुन्हा उकळी आली. दुपारची रांग लागली. मालनबाईनं पळा काहिलीच्या काठावर ठेवला, वाटी घेतली आणि रांगेत पहिली जाऊन उभी राहिली. छबू तिच्या मागं.

वाढायला कोणीच नव्हतं. शेवटी अर्जुनरावांनीच पळा भरून आणला. मालनबाईनं वाटीवर हात ठेवला.

"आधी बोला."

"काय बोलू?"

"देवळात निम्म्या गावापुढं जे केलं, ते हितं सगळ्यांपुढं उलटं बोला. छबूला शपथ घ्यायला लावली, ते चुकलं म्हना. माझं ऱ्हाऊ द्या."

पळ्यातून त्यांच्या धोतरावर थेंब पडत होते. मागची माणसं पुढं सरकली. भूक लागली होती सगळ्यांना, तिलाही. अर्जुनराव वाकले आणि तिच्याजवळ पुटपुटले, "चुकलं."

"मागं ऐकू गेलं न्हाई."

काहिलीत ढवळायला कोणी नव्हतं. आंबील तळाला लागल्याचा वास सुटला. तिनं वाटीवरचा हात काढला नाही.